ऑर्डर तिप्पट झाली, आता काय?

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बघा ना' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आज एक साधा प्रश्न घेऊया. समजा तुमची ट्रेकिंगचं सामान बनवणारी छोटी कंपनी आहे. सॅक, पोंचो, रेन कव्हर असलं काहीतरी. गेल्या वर्षी तुम्ही हजार सॅक विकल्या. यंदा तीन हजारांची मागणी आली. बातमी चांगली की वाईट?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? चांगलीच. पेढे वाट. मी म्हणतो, पेढे जरा थांबू देत. आधी हिशोब करू.

हा भाग करायला एक कारण घडलं. रोह्यातला माझा एक मित्र पावसाळी सॅक शिवून विकतो. भाड्याचा गाळा, चार शिलाई मशिनी, दोन कायमचे कारागीर आणि सीझनला आणखी तिघं-चौघं. गिऱ्हाईक म्हणजे ट्रेकिंगचे ग्रुप, कॅम्पवाले, थोडं ऑनलाइन. माल चांगला आहे, मी स्वतः वापरतो. यंदा त्याच्याकडे खरंच तिप्पट मागणी आली. पैसे उभे करायला तो बँकेत गेला, तर तिथे घराची कागदपत्रं मागितली. घर आईच्या नावावर. आई सही करायला तयार. त्याने मला फोन करून विचारलं, "सही घेऊ का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. धंद्याचे सल्ले देणं हे माझं काम नाही. पण एक्सेल उघडता येणाऱ्या माणसाकडे मित्र असल्या कामाला येतातच. तर आम्ही एक शीट उघडली, आणि तिच्यात जे दिसलं ते तुम्हालाही दाखवावंसं वाटलं. कारण पेण, रोहा, कोलाड, माणगाव या पट्ट्यात असले धंदे सुरू करू बघणारी पोरं खूप आहेत. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून मुंबई-गोवा हायवे. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी आपल्या दारात येते. मागणी आहे, ती खोटी नाही.

सॅकचा हिशोब

आकडे मित्राचे नाहीत, समजायला सोपे म्हणून गोल घेतलेत.

एक सॅक बनवायला कापड, चेन, बकल, फोम आणि शिलाई धरून ७०० रुपये लागतात. विकली जाते १००० ला. गाळ्याचं भाडं, कुरिअर, परत आलेला माल, जाहिरात असा वरचा खर्च नगामागे १५० रुपये, तो विक्रीच्या पैशातून जातो. म्हणजे नगामागे १५० रुपये सुटतात. वाईट नाही.

आता कॅलेंडर बघा. आपल्याकडे ट्रेकिंगचा मोठा सीझन पावसाळा. जूनमध्ये सॅक गिऱ्हाइकाच्या हातात पडायची तर कापड फेब्रुवारीत घ्यायला लागतं. त्याचे पैसे फेब्रुवारीतच द्यायचे. विक्रीचे पैसे सगळे हातात येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. आठ महिने.

पहिलं वर्ष. १००० सॅक. ७ लाख घातले, घरचे आणि साठवलेले. १० लाख आले, दीड लाख वरचा खर्च. हातात साडेआठ लाख. दीड लाख नफा. छान.

दुसरं वर्ष. मागणी तिप्पट, ३००० सॅक. फेब्रुवारीत लागणार २१ लाख. हातात साडेआठ. म्हणजे साडेबारा लाख कर्ज. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर आठ महिन्यांचं साधारण एक लाख. सप्टेंबरमध्ये ३० लाख येतात, साडेचार लाख खर्च जातो, साडेतेरा लाख बँकेला जातात. हातात उरतात १२ लाख. नफा साडेतीन लाख. अजूनही छान. गावात लोक म्हणायला लागतात, पोराने नाव काढलं.

तिसरं वर्ष. परत तिप्पट. ९००० सॅक. फेब्रुवारीत लागणार ६३ लाख. हातात १२. कर्ज ५१ लाख. गेल्या वर्षीचं कर्ज वेळेवर फेडलंय, शिवाय घर तारण आहे, त्यामुळे बँक देतेही.

आणि त्या वर्षी काहीतरी होतं. काय ते महत्त्वाचं नाही. एखादा अपघात होतो आणि प्रशासन धबधब्यांवर, किल्ल्यांवर बंदीचे आदेश काढतं. आपल्या जिल्ह्यात हे काही नवीन नाही. किंवा एखादी मोठी कंपनी तसलीच सॅक ८०० ला आणते. ९००० पैकी ३००० सॅक गोदामात राहतात. ६००० विकल्या जातात.

६००० म्हणजे किती? पहिल्या वर्षाच्या सहापट, गेल्या वर्षाच्या दुप्पट. कुठल्याही मीटिंगमध्ये सांगा, टाळ्या पडतील.

आता पैसे मोजा. ६० लाख आले. वरचा खर्च ९ लाख. उरले ५१. बँकेला द्यायचे ५१ अधिक व्याज ४, म्हणजे ५५. चार लाख कमी पडतात. स्वतःचे १२ लाख गेले. आणि घराच्या कागदावर आईची सही आहे.

परत एकदा ऐका. विक्री दुप्पट झाली आणि घर अडकलं. तोट्यात एकही सॅक विकली नाही. प्रत्येक सॅकवर १५० रुपये सुटलेच होते, आणि तरीही. आपल्याकडे दुकानदार म्हणतात, माल अंगावर पडला. ते तीन शब्द एक्सेलमध्ये असे दिसतात.

सॉफ्टवेअरवाल्यांची सवय

माझ्या वयाच्या लोकांना हे पटकन दिसत नाही, कारण 'वाढ' हा शब्द आपण मोबाइल ॲपच्या जगातून उचललाय. ॲप एकदा बनलं की दहा हजारावा माणूस ते वापरतो तेव्हा आपला खर्च जवळजवळ वाढत नाही. सर्व्हरचं बिल थोडं फुगतं, तेही महिन्याच्या शेवटी. म्हणून तिथे सल्ला असतो, आधी वाढा, मग बघू.

सॅकचं तसं नाही. दहा हजारावी सॅक पहिलीइतकीच ७०० रुपये खाते, फार तर घाऊक कापडामुळे साडेसहाशे. आणि ते पैसे ती विकली जाण्याच्या आठ महिने आधी मागते. जितक्या जोरात वाढाल तितके जास्त पैसे कापडात अडकतात. नफा कागदावर असतो आणि खिसा रिकामा.

मग बाहेरचा पैसा न घेता किती वाढता येतं? आपल्या उदाहरणात ७ लाखांचे साडेआठ झाले. म्हणजे वर्षाला साधारण २० टक्के, तेही स्वतः एक रुपया पगार न घेता. हा त्या धंद्याचा स्वतःचा वेग. त्याच्या वर जे काही आहे ते दुसऱ्याच्या पैशाने, आणि तो पैसा कोणाचा, कुठल्या अटीवर, हा खरा प्रश्न.

असं मोठ्यांचंही झालंय

तुम्हाला वाटेल, हे शीटमध्ये होतं, खऱ्या आयुष्यात कुठे? पॅटागोनिया ही कंपनी तुम्ही ऐकली असेल. तिचा संस्थापक इव्हॉन शुनार्ड हा मूळचा गिर्यारोहक. १९५७ मध्ये तो स्वतःच लोहारकाम शिकला आणि पिटॉन बनवायला लागला. पिटॉन म्हणजे कड्याच्या भेगेत ठोकायची लोखंडी खुंटी. गाडीच्या डिकीतून विकायचा. १९७० पर्यंत चढाईच्या धातूच्या सामानात त्याची कंपनी अमेरिकेतली सगळ्यात मोठी पुरवठादार झाली. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्याच खुंट्या ठोकून-काढून कड्यांच्या भेगा खराब होतायत. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्याने हातोड्याशिवाय भेगेत बसवता येणारे ॲल्युमिनियमचे तुकडे पुढे आणले, स्वतःचा चालता माल बाजूला सारून. १९७३ मध्ये कपड्यांसाठी पॅटागोनिया सुरू केली.

पुढे कपडे तुफान चालले. वर्षाला ३० ते ५० टक्के वाढ. कंपनी त्याच हिशोबाने माल भरत गेली, माणसं घेत गेली. १९९१ मध्ये अमेरिकेत मंदी आली. पॅटागोनियाची विक्री त्या वर्षी घटली नाही, २० टक्के वाढली. पण तयारी त्याहून किती तरी जास्त वाढीची होती. माल भरलेला, बँकेने हात आखडता घेतलेला. ३१ जुलै १९९१ ला कंपनीने १२० जणांना कामावरून काढलं. दर पाच माणसांमागे एक.

२० टक्के वाढीत संकट! आपल्या सहा हजार सॅकची हीच गोष्ट आहे, फक्त डॉलरमध्ये. त्यानंतर शुनार्डने वाढीचा वेग मुद्दाम आवरला, आणि कंपनी आजही आहे.

पेणकरांना हे कधीचं माहीत आहे

आता कॅलिफोर्नियाहून घरी येऊ. वर्षभर माल बनवायचा आणि थोड्याच दिवसांत विकायचा, हा धंदा पेणला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे गणपतीचे कारखाने आहेत. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात गणेशोत्सव संपला की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. माती, प्लास्टर, साचे, मजुरी, रंग सगळ्याला पैसे आधी. विक्रीची तारीख पंचांगाने ठरवलेली. चतुर्थीनंतर त्या मूर्तीला गिऱ्हाईक नाही. सॅक निदान पुढच्या वर्षी विकता येते.

एवढी जोखीम असून हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला? दोन गोष्टी मला दिसतात.

एक म्हणजे कच्च्या मूर्ती. बऱ्याच कारखान्यांतून रंग न दिलेली मूर्ती मुंबई-पुण्याच्या आणि इतर गावांच्या व्यापाऱ्यांना विकली जाते. रंगकाम, डोळ्यांची आखणी पुढचा माणूस करतो. त्यामुळे पेणच्या कारखानदाराचे पैसे चतुर्थीच्या किती तरी आधी मोकळे होतात. थोडा नफा सोडला, पण पैसे लवकर फिरले. परदेशी जाणाऱ्या मूर्तीही काही महिने आधीच बोटीने रवाना होतात.

दुसरी गोष्ट आगाऊ नोंदणी. मंडळ असो की घरगुती, विसार दिल्यावर मूर्ती तुमची.

एवढं करूनही झटका बसायचा तो बसतोच. २०२० मध्ये करोनामुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तीला ४ फूट आणि घरगुती मूर्तीला २ फूट ही मर्यादा घातली. त्याहून उंच मूर्ती तेव्हा साच्यातून बाहेर पडून उभ्या होत्या. नंतर पीओपीचा प्रश्न. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं, मग कोर्टाच्या तारखा, मग जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला दिलेली मोकळीक, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगीशिवाय मनाई. नियम बरोबर की चूक यात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की निर्णय येतो तेव्हा माल आधीच तयार असतो आणि पैसे आधीच गेलेले असतात.

मग सही घेतली का?

नाही. आम्ही पेणचा विसार रोह्याला नेला. मित्राने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, यंदा ३० टक्के आगाऊ, बाकीचे माल मिळाल्यावर. तो घाबरला होता, ऑर्डरी जातील म्हणून. गेल्याही. तीन हजारांतल्या अठराशेंवर आगाऊ पैसे आले.

आता आपल्याच गोल आकड्यांत बसवा. १८०० सॅकना १२ लाख ६० हजार लागतात. हातातले साडेआठ लाख, आणि १८ लाखांच्या मालावर ३० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार. बेरीज १३ लाख ९० हजार. कर्ज लागलंच नाही. धंदा ८० टक्के वाढला आणि आईचं घर आईच्या नावावर, मोकळं.

बाकीच्या बाराशेंचं काय? माझ्या मते ती मागणी नव्हतीच. ती इच्छा होती. ज्याला सॅक खरंच हवी आहे तो तीनशे रुपये देऊन ठेवतो. सगळं फुकट असताना किती जण 'मला पाहिजे' म्हणतात, यावर कापडाचे तागे घ्यायचे नसतात.

आणि कर्ज घेणं वाईट, असं मी म्हणत नाही. लागलं तर घर तारण ठेवण्याआधी दुसरी दारं ठोठवा. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, तिच्यात तारण लागत नाही. सीजीटीएमएसई ही सरकारी हमी योजना आहे, तिच्यातून लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. बँकेत हे नाव घेऊन विचारा, स्वतःहून सांगतीलच असं नाही. उद्यम नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन होते आणि फुकट असते. माल बनवणाऱ्या लहान उद्योगाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. शिवाय आयकर कायद्यात आता अशी तरतूद आहे की मोठ्या गिऱ्हाइकाने तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा करता येत नाही. वसुलीचा फोन करताना हे नम्रपणे सांगता येतं.

कोलाडचं पाणी

इथपर्यंत पैशाचं झालं. वाढीला दुसरी एक मर्यादा असते, ती समजायला कोलाडला जाऊ.

कुंडलिकेवरचं राफ्टिंग तुमच्यातल्या अनेकांनी केलं असेल. साधारण बारा किलोमीटरचा प्रवाह, सकाळची वेळ. पण भर एप्रिलमध्ये, आजूबाजूचे ओढे कोरडे असताना, कुंडलिकेला एवढं पाणी कुठून येतं? ते वरून, मुळशीच्या धरणातून. टाटांचं भिऱ्याचं वीज केंद्र १९२७ पासून चालू आहे. धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली येतं, वीज बनते आणि ते पाणी पुढे नदीत सोडलं जातं. ह्याच धरणात गावं गेली, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला. म्हणजे ज्या लाटेवर आपण ओरडत-हसत जातो, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

धंद्याच्या बाजूने बघा. राफ्टिंगवाल्याचा कच्चा माल म्हणजे पाणी, आणि ते सोडण्याची कळ त्याच्या हातात नाही. रविवारी हायवेवर गाड्यांची रांग लागली म्हणून जास्त पाणी सुटत नाही. वीज आणि पाणीवाटपाच्या गणिताने जेवढं सुटेल तेवढंच. सकाळची ती वेळ गेली की राफ्ट काठावर. मागणी दहापट झाली तरी त्या नदीवरच्या सकाळी दहा होत नाहीत.

मग वाढायचं कसं? तीन रस्ते आहेत. पहिला, मंगळवार-बुधवारी माणसं आणायची: कॉलेजं, कंपन्यांचे गट. पाणी तेव्हाही असतं, माणसं नसतात. दुसरा, पाण्यावर अवलंबून नसलेली कमाई वाढवायची: राहणं, जेवण, तंबू, झिपलाइन. कोलाडच्या आजूबाजूला नदीकाठचे कॅम्प आणि होमस्टे वाढले ते याच रस्त्याने, आणि त्यातून गावातल्या घरांतही पैसे गेले.

तिसरा रस्ता सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट. त्याच राफ्टमध्ये दोन माणसं जास्त बसवायची. एक मोसम बदलायला हवं असलेलं लाइफ जॅकेट आणखी एक मोसम ओढायचं. शिकाऊ पोराला एकट्याने गाइड म्हणून पाठवायचं.

सामान बनवणाऱ्यासाठीही हेच तीन रस्ते आहेत, आणि तिसऱ्याचा मोह तसाच. तिप्पट ऑर्डर म्हणजे नवीन कारागीर, बाहेर दिलेली शिलाई, घाईत घेतलेलं दुसरं कापड. सॅकचा पट्टा पाठीच्या भागाला जिथे जोडतात तिथे पुढे-मागे घट्ट शिलाई मारावी लागते. घाईत ती एकेरी मारली तर दुकानात ती सॅक ओळखू येत नाही. कॉलेजला जाताना पट्टा उसवला तर तुम्ही वैतागता. पावसात, कातळावरच्या अरुंद वाटेवर उसवला तर तोल जातो.

लाइफ जॅकेटचं उदाहरण घ्या. आयएसओच्या मानकात पातळ्या आहेत. ५० न्यूटनची पातळी, म्हणजे पाण्यात साधारण पाच किलोचा आधार, ही ज्याला पोहता येतं आणि ज्याच्याजवळ मदत आहे अशा माणसासाठी. १०० न्यूटनची पातळी त्याच्या वरची. बाहेरून दोन्ही जॅकेटं केशरीच दिसतात. फरक आतल्या फोममध्ये, आणि तो फोम ऊन, पाणी आणि वापराने थकतो. घेणाऱ्याला आत दिसत नाही, तो विश्वासावर घालतो. म्हणून या धंद्यातली वाढ विश्वासाच्या वेगाने करायची असते. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि सुरक्षिततेच्या अटी आल्या. कटकट वाटते, पण उद्या हाच कागद तुमच्या आणि रस्त्यावर तंबू विकणाऱ्याच्या मधला फरक असेल.

शुनार्डचं पुढचं पान इथे वाचायला हवं. त्याची गिर्यारोहणाच्या सामानाची मूळ कंपनी अपघातांवरून झालेल्या खटल्यांच्या ओझ्याखाली १९८९ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी ती मालमत्ता घेऊन ब्लॅक डायमंड उभी केली. कपडा फाटला तर गिऱ्हाईक परत येतं, दोर-खुंटीचं प्रकरण कोर्टात जातं.

मोठं व्हायचंच असेल तर

ऐकून वाटेल की मी सगळ्यांना घरी बसायला सांगतोय. तसं नाही. भारतातच वाइल्डक्राफ्ट आहे. बेंगळुरूची ही कंपनी तंबू आणि गिर्यारोहणाच्या सामानापासून सुरू झाली. आज तिचं नाव कुठे दिसतं? कॉलेजच्या पोरांच्या पाठीवर, लोकलच्या रॅकवर, ऑफिसच्या खुर्चीला टांगलेलं. डोंगरावर वर्षातून चार वेळा लागणाऱ्या सामानापासून ती रोज लागणाऱ्या बॅगेकडे आली. कॉलेजची बॅग जूनमध्ये, प्रवासाची मे आणि दिवाळीत, रेनकोट पावसात. एका सीझनची टांगती तलवार गेली, पैसे वर्षभर फिरते राहिले. २०१३ मध्ये सिकोया कॅपिटलने तिच्यात गुंतवणूक केली.

इथे एक फरक नीट समजून घ्या. गुंतवणूकदाराचा पैसा म्हणजे भागीदारी. धंदा फसला तर त्याचाही पैसा जातो, तुमच्या आईच्या घरावर जप्ती येत नाही. बदल्यात तो मालकीचा वाटा घेतो आणि वेगाचा आग्रह धरतो. बँकेचं कर्ज म्हणजे तारीख. पाऊस पडो न पडो, हप्ता येतो. जोरात पळायचं असेल तर कुठल्या पैशावर पळतोय ते माहीत हवं. कर्जाच्या पैशावर गुंतवणूकदाराच्या वेगाने पळणं, ही आपल्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट.

आता तुमच्यासाठी काम. धंदा असेल किंवा डोक्यात असेल, तर एका कागदावर तीन आकडे लिहा. एक, माल घ्यायला पैसे दिल्यापासून विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत किती दिवस जातात. दोन, बाहेरचा एक रुपया न घेता पुढच्या वर्षी किती नग बनवता येतील. तीन, बनवलेल्यातला एक तृतीयांश माल अंगावर पडला तर कोणाच्या नावावरची कुठली गोष्ट जाईल.

तिसऱ्या आकड्यासमोर घरच्यांपैकी कोणाचं नाव आलं, तर तो कागद सही मागण्याआधी त्यांना दाखवा. नुसता तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नको, गणित कळलंय म्हणून त्यांनी हो किंवा नाही म्हणू दे. तेवढा त्यांचा हक्क आहे.

पुढच्या भागात याच धंद्याची दुसरी बाजू घेऊ: तंबू, सॅक विकण्यापेक्षा भाड्याने दिले तर काय होतं. तोवर पावसात डोंगरावर जाणार असाल तर जपून. निघायच्या आदल्या रात्री सॅकचे पट्टे जोरात ओढून बघा, आणि धबधब्याच्या खाली उभं राहून माझा पॉडकास्ट ऐकू नका. भेटू.